कार्यक्रम सुटतो किती वाजता? नागपुरात घरसंसार सांभाळून मैफली आणि कॉमेडी शो पाहायचे तर

नागपुरात कार्यक्रमांची वानवा नाही. थंडी सुरू झाली की एकाच संध्याकाळी सिव्हिल लाइन्समध्ये शास्त्रीय गायन, रेशीमबागेत विनोदी नाटक, शंकरनगरात जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आणि धरमपेठेकडच्या एखाद्या कॅफेत स्टँडअप, असं सगळं सुरू असतं. तरी दोघंही नोकरी करणारे, मुलं शाळेत आणि घरात वयस्कर आईबाबा, अशा घरात विचारून बघा की शेवटचं केव्हा गेला होता. नवरा-बायको आधी एकमेकांकडे बघतात आणि मग लग्नाआधीचं काहीतरी सांगतात.

तिकीट मिळालं नाही म्हणून जाणं राहिलं, असं फार कमी वेळा होतं. अडतं ते पाच ते आठ या वेळेत. ऑफिसातून यायचं, ट्यूशनमधून मुलांना आणायचं, कुकर लावायचा, बाबांच्या गोळ्या द्यायच्या, आणि मग साडेसातला कोणीतरी म्हणतं, "राहू दे बाप्पा, यूट्यूबवर पाहू."

म्हणून कलाकार कोण हा माझा पहिला प्रश्न नसतो. कार्यक्रम सुटतो किती वाजता आणि तिथून घर किती लांब, एवढं आधी बघायचं. या दोन उत्तरांवर निम्मे कार्यक्रम गळतात. उरतात ते आपल्याला खरंच जमण्यासारखे असतात, आणि कलाकाराची आवड-निवड त्यातून करायची. संगीताच्या दर्दी माणसाला हा क्रम उलटा वाटेल. त्याच्या घरी सकाळी पावणेसातला शाळेची व्हॅन येत नसेल.

आधी आठवडा पाहा, मग जाहिरात

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि पुढच्या तीन महिन्यांत ज्या संध्याकाळी जाणं शक्यच नाही त्या खोडून टाका: युनिट टेस्टच्या आदल्या रात्री, महिनाअखेर ज्यांचं क्लोजिंग असतं त्यांचे ते दिवस, नाइट ड्यूटी, नात्यातली लग्नं. जे उरेल त्यातही वारावारात फरक आहे. शनिवारची संध्याकाळ सगळ्यात सोयीची, कारण दुसऱ्या दिवशी डबे नसतात. शुक्रवार चालतो, पण ज्यांच्या शाळा शनिवारीही असतात त्यांना नाही. रविवार वरवर मोकळा दिसतो, प्रत्यक्षात सगळ्यात वाईट. रात्री साडेदहाला परतल्यावर गणवेशाला इस्त्री, चार्ट पेपर आणि "मॅमनी उद्या कापूस आणायला सांगितला आहे" हे एकदम समोर येतं.

आता एक काम करा, जे बहुतेक जण करत नाहीत. कार्यक्रम ठरायच्या आधी संध्याकाळ ठरवा. महिन्यातला एक शनिवार, समजा तिसरा, आत्ताच अडवून ठेवा. लग्नाची पत्रिका आली की आपण सुट्टी, मुलं, कपडे, आहेर सगळं जुळवतोच, कारण तारीख पक्की असते. तसं या शनिवारचं करायचं. मग त्या तारखेला शहरात काय आहे ते शोधा. काही ना काही असतं, निदान हिवाळ्यात तरी. उलट्या बाजूनं गेलात, म्हणजे आधी कार्यक्रम आवडला आणि मग सवड शोधली, तर दहापैकी नऊ वेळा सवड मिळत नाही.

दहावी-बारावीचं मूल असलेल्या घरांची पंचाईत वेगळी. नागपुरात कार्यक्रमांचा सगळ्यात चांगला मोसम आणि बोर्डाची तयारी एकाच वेळी येतात. त्या वर्षी दोघांनी मिळून जायचा हट्ट सोडावा. आळीपाळीनं जा. एक घरी, एक सभागृहात.

नागपूरचं वर्ष कसं चालतं

पावसाळ्यात मोकळ्या मैदानावरचे कार्यक्रम नसतात, पण बंद सभागृहांत बरंच काही असतं. जुलै संपता संपता दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा डॉ. वसंतराव देशपांडे स्मृती संगीत समारोह येतो. वसंतराव गेले ते ३० जुलै १९८३ ला, त्यामुळे तारखा त्याच्या आसपास. चांगलं शास्त्रीय संगीत ऐकायची शहरातली ही सगळ्यात सोपी संधी आहे, आणि मुलांच्या शाळा नुकत्याच रुळलेल्या असतात.

गणपतीत गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा आणि मिमिक्री. दर्जाचं सांगता येत नाही, पण पाच वर्षांच्या पोट्ट्यासाठी यापेक्षा चांगली सुरुवात नाही: घर जवळ, पैसे नाहीत, कंटाळला की उचलून परत. दिवाळीत दिवाळी पहाट. सूर्य उगवायच्या आधी सुरू होणारा आणि नाश्त्याच्या वेळेला संपणारा हा प्रकार आपल्यासारख्यांसाठीच केलेला असावा. संध्याकाळचा एक मिनिटही जात नाही, आजी-आजोबा आपणहून तयार असतात, मुलं नवे कपडे घालून मिरवतात. वर्षातून एकच कार्यक्रम जमणार असेल तर हाच निवडा.

मग नोव्हेंबर-डिसेंबर. कालिदास समारोह, राज्य नाट्य स्पर्धेचं नागपूर केंद्र, आणि २०१७ पासून ईश्वर देशमुख शारीरिक शिक्षण महाविद्यालयाच्या मैदानावर होणारा खासदार सांस्कृतिक महोत्सव. या महोत्सवाला प्रवेश विनामूल्य असतो आणि देशभरातले मोठे गायक येतात, त्यामुळे गर्दीही तशीच. याच काळात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. मोर्चे, अडवलेले रस्ते, वळवलेली वाहतूक, सिव्हिल लाइन्सकडे जाणारा अर्धा तास सहज दीड तास होतो. अधिवेशनाच्या आठवड्यांत सिव्हिल लाइन्सऐवजी दक्षिण नागपुरातले कार्यक्रम बघा, किंवा मेट्रोनं जा.

थंडीचं एक. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, आणि मैदानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर तीन तास बसणं म्हणजे गंमत नव्हे. कानटोपी, शाल, आणि बसायला घडी घालून एक चादर. मार्चनंतर मैदानी कार्यक्रम संपतात, आणि एप्रिल-मेमध्ये एसी चालू असल्याची खात्री केल्याशिवाय तिकीट काढू नये.

सभागृह आणि अंतर

घरापासून पाच किलोमीटरच्या आत जी दोन-तीन सभागृहं आहेत तीच "आपली", असं धरून चाला. मानेवाड्याच्या माणसानं दर महिन्याला आयटी पार्कला जायचं ठरवलं तर दोन महिन्यांत उत्साह संपतो.

रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह महापालिकेचं, २०१७ मध्ये सुरू झालं, जवळपास दोन हजार माणसं बसतात. मोठी नाटकं, मोठे कॉमेडियन, सिनेसंगीताचे कार्यक्रम इथे येतात. एवढी माणसं एकदम बाहेर पडली की पार्किंगमधून गाडी काढणं हाच एक कार्यक्रम असतो. चारचाकी आत खोलवर लावू नका, दुचाकी असेल तर दुचाकीच आणा. मेट्रोचं स्टेशन इथे पायी जाण्याच्या अंतरावर नाही, हे आधीच लक्षात घ्या.

सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह शास्त्रीय संगीत आणि नाटकांसाठी जुनं, ओळखीचं. झिरो माइल स्टेशनवर उतरून पुढे ऑटो करता येतो. चिटणवीस सेंटरही सिव्हिल लाइन्समध्येच. तिथले कार्यक्रम छोटे, आटोपशीर असतात. लक्ष्मीनगरातलं सायंटिफिक सोसायटीचं सभागृह हौशी नाटकांचं माहेरघर. शंकरनगरात साई सभागृह आणि राष्ट्रभाषा संकुलातलं बाबुराव धनवटे सभागृह, दोन्हीकडे मेट्रोनं जाता येतं. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाचं सांस्कृतिक संकुल तर स्टेशनलाच लागून आहे. आयटी पार्कात पर्सिस्टंटचं कविकुलगुरू कालिदास सभागृह आहे. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरच्या लोकांना ते सोयीचं.

मेट्रोनं जाताना काही त्रास नाही, प्रश्न परतीचा. शेवटची गाडी साधारण रात्री दहाच्या सुमारास असते आणि वेळा बदलतात, म्हणून निघण्याआधी अ‍ॅपवर त्या दिवसाची वेळ बघून ठेवा. साडेआठला सुरू होणारा शो असेल तर मेट्रोनं फक्त जाणंच होईल.

सुटण्याची वेळ कशी काढायची

जाहिरातीत सुरू होण्याची वेळ असते, सुटण्याची नसते. ती आपल्याला काढावी लागते, आणि प्रत्येक प्रकाराचं गणित निराळं आहे.

स्टँडअपचा एकट्या कलाकाराचा शो साधारण तास ते दीड तासाचा. आधी एखादा नवखा दहा-पंधरा मिनिटं घेतो. मध्यंतर नसतं. म्हणजे आठचा शो पंधरा-वीस मिनिटं उशिरा सुरू झाला तरी दहाच्या आत सुटका. व्यग्र घरांसाठी हा सगळ्यात भरवशाचा प्रकार आहे. पण उशिरा येणाऱ्याला अनेकदा आत सोडत नाहीत, आणि सोडलंच तर स्टेजवरचा माणूस तुमच्यावर पाच मिनिटं काढतो.

ओपन माइक म्हणजे कॅफेत नवोदितांची रांग, प्रत्येकाला चार-पाच मिनिटं. तिकीट स्वस्त, कधी फक्त कॉफी घ्या आणि बसा. दोन चांगले, तीन बरे, बाकीच्यांच्या वेळी सामोसा मागवायचा. केव्हाही उठता येतं, ही मोठी सोय. ट्रायल शो असं लिहिलं असेल तर नामवंत कलाकार नवे विनोद घासून बघतो आहे असं समजा. कागद हातात असतो, काही विनोद पडतात, तिकीट कमी असतं. मला हे शो पूर्ण तयार शोपेक्षा जास्त आवडतात, पण पहिल्यांदाच जाणाऱ्यानं इथून सुरुवात करू नये.

व्यावसायिक नाटक मध्यंतरासह अडीच ते तीन तास. पुण्या-मुंबईची नाटकं विदर्भाच्या दौऱ्यावर येतात तेव्हा अमरावती, अकोला, नागपूर अशी सलग लागतात. बस उशिरा पोचली, सेट उशिरा लागला, की पडदाही उशिरा उघडतो.

शास्त्रीय मैफलीत बहुधा दोन कलाकार. ज्येष्ठ कलाकार दुसऱ्या सत्रात. सहाची वेळ असेल तर दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ आणि "मी आपला जास्त वेळ घेणार नाही" हे सगळं होऊन पहिला षड्ज सातला लागतो. उद्घाटनाचा दिवस टाळला आणि मधल्या दिवशी गेलं तर हा एक तास वाचतो. फक्त दुसऱ्या कलाकारासाठी आठ वाजता पोचणंही चालतं. मधूनच उठायचं असेल तर एक राग संपून दुसऱ्याचा तानपुरा जुळतो तेव्हा उठा. आलाप रंगात आलेला असताना चपलांचा आवाज करत जाणाऱ्या माणसाबद्दल गायक काय विचार करत असेल ते सांगायला नको.

मैदानी कार्यक्रमाला कायद्याची मदत आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले मोजके दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, जास्तीत जास्त पंधरा. म्हणजे मैदानावर कितीही मोठा गायक असला तरी सर्वसाधारण दिवशी दहाला माइक बंद होतो. बंद सभागृहांना हे बंधन तसं लागू होत नाही, तिथली मैफल लांबू शकते. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

तिकीटवाल्या मोठ्या कॉन्सर्टला "गेट पाच वाजता" असं छापलेलं असतं. मुख्य गायक त्यानंतर दोन-अडीच तासांनी येतो. अगदी पुढे उभं राहायचं नसेल तर पाचला जायची गरज नाही. पण एकदा आत गेलं की बाहेर येऊन पुन्हा जाता येत नाही, हे बहुतेक ठिकाणी पक्कं असतं.

कोणी जायचं

सगळ्यांनी मिळून जायचं हा आपला आवडता हट्ट, आणि त्यामुळेच जाणं होत नाही. चौघांना एकाच गोष्टीत सारखी मजा येणं दुर्मीळ. बाबांना नाट्यगीतं, बायकोला गझल, थोरल्याला रॅप, धाकटीला घरी झोप.

स्टँडअप मुलांसाठी नाही, असं समजूनच चाला. बऱ्याच शोना सोळा किंवा अठरा वर्षांची अट असते आणि दारावर आधार कार्ड मागतात. आईबाबांना न्यायचं असेल तर त्या कलाकाराची निदान दहा मिनिटांची क्लिप आधी एकट्यानं बघा. रीलमध्ये निवडक भाग असतो, प्रत्यक्ष शोमध्ये शिव्या आणि शयनगृह दोन्ही जास्त असतात. सासरेबुवांच्या शेजारी बसून असा विनोद ऐकताना कुठे बघावं कळत नाही. तिघा पिढ्यांना एकत्र हसायचं असेल तर विनोदी नाटक किंवा हास्यकवी संमेलन बरं. वऱ्हाडी बोलीतला कवी आला तर आजोबा मुलांपेक्षा जोरात हसतात.

लहान मुलांचं म्हणाल तर सात-आठ वर्षांखालच्या मुलाला बंद सभागृहात तीन तास बसवणं हे त्याच्यावर, आपल्यावर आणि मागच्या रांगेवर अन्याय करणारं आहे. त्याला मैदानी कार्यक्रम द्या, मागच्या बाजूला, जिथे उभं राहता, नाचता येतं. आठ-नऊच्या पुढे तबल्याची जुगलबंदी, सतार, ढोल असं काही दाखवा. डोळ्यांना काम असेल तर कानही लागतात. विलंबित ख्यालानं, म्हणजे अगदी संथ लयीतल्या गाण्यानं, सुरुवात केलीत तर पुढची दहा वर्षं तो तुमच्यासोबत येणार नाही.

एकट्यानं जाणं हा पर्याय तर आपण धरतच नाही. बायको एकटी गझलेच्या कार्यक्रमाला गेली किंवा नवरा एकटा स्टँडअपला, की शेजारी विचारतात, "सगळं ठीक ना?" ठीकच असतं. एका तिकिटाचे पैसे, मुलांची सोय घरीच, आणि आवडीचं ऐकायला मिळतं. एक महिना तिचा, एक त्याचा, तिसरा दोघांचा, असं ठरवून घ्या. आणि ज्याची पाळी घरी थांबायची, त्यानं साडेआठला "वरण कुठे ठेवलं?" म्हणून फोन करायचा नाही.

मुलं कोणाकडे

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना गृहीत धरू नका. निघताना दारात सांगणं आणि आठवडाभर आधी विचारणं यात फार फरक पडतो. "आई, येत्या शनिवारी आम्ही साडेसहाला निघू, दहापर्यंत येतो. तुम्हाला जमेल का? नसेल तर मी वहिनींना विचारते." यात वेळ दोन्ही बाजूंची आहे, आणि नाही म्हणायची वाटही ठेवलेली आहे. स्वयंपाक करून जा, निदान पोळ्या आणि वरण. त्यांच्यावर मुलं आणि ओटा दोन्ही टाकू नये. पुढच्या महिन्यात त्यांचा नाट्यगीतांचा कार्यक्रम असेल तेव्हा तुम्ही मुलं सांभाळा, आणि त्यांना नेऊन सोडा.

आजी-आजोबा गावी असतील तर फ्लॅट स्कीममधलं एखादं घर धरा ज्यांची मुलं आपल्या मुलांच्या वयाची आहेत. यावेळी त्यांची मुलं आपल्याकडे, पुढच्या वेळी आपली त्यांच्याकडे. मुलांना हे आपल्यापेक्षा जास्त आवडतं. कागदावर तीन गोष्टी लिहून द्या: कुठल्या सभागृहात आहात, किती वाजता सुटेल, आणि तुमचा फोन लागला नाही तर दुसरा कोणाचा नंबर. शोमध्ये फोन सायलेंटवर असणार, काही ठिकाणी तो पाकिटात बंदही करून घेतात, म्हणून ही तिसरी गोष्ट विसरू नका.

तिकीट आणि पास

बुकमायशो आणि तत्सम अ‍ॅपवर शहराचे स्टँडअप आणि मोठे कार्यक्रम दिसतात. पण नागपुरातलं निम्मं जग त्यावर नाही. वर्तमानपत्रातला "शहरात आज" छापाचा रकाना, सभागृहाबाहेरचा फलक, आणि ओळखीच्या संगीतप्रेमी काकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे अजूनही जास्त उपयोगी. दौऱ्यावरच्या नाटकांची तिकिटं अनेकदा सभागृहाच्या खिडकीवरच चांगली मिळतात, कारण समोर खुर्च्यांचा नकाशा असतो आणि आतला माणूस सांगतो, "ती घेऊ नका, खांब येतो."

जागा निवडताना बहुतेकांना पुढची हवी असते. गाण्याच्या कार्यक्रमात सगळ्यात चांगला आवाज साउंडवाल्याचं टेबल असतं त्याच्या आसपास येतो, म्हणजे साधारण मध्यभागी आणि मागच्या बाजूला. त्याचे कान तिथे असतात आणि तो आवाज तिथूनच जुळवतो. स्टँडअपला पहिल्या दोन रांगा टाळा, किंवा मुद्दाम घ्या. तिथे बसलं की "सर, आप क्या करते हो?" येणारच. सरकारी नोकरी सांगितली तर संपलंच. सोबत मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर कडेची खुर्ची, दाराजवळची. आईबाबांसाठी जिने किती चढावे लागतील आणि स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी विचारा. मध्यंतर नसलेल्या शोमध्ये मधुमेही माणसाचे हाल होतात.

पैशांचा हिशेब. समजा तिकीट ७९९ चं. चौघांचे ३,१९६, त्यावर बुकिंगचं शुल्क, मग पार्किंग, बाहेरचं जेवण. पाच हजार सहज गेले. तेच दोघं गेले तर १,५९८ आणि घरी वरणभात. पाचशे रुपयांच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी लागतो. दाखवलेल्या किमतीत तो धरला आहे की शेवटच्या पानावर उगवणार आहे, ते पैसे भरण्याआधी पाहा. बुकिंगचं शुल्क सहसा परत मिळत नाही, हेही. माझं मत असं की वर्षभराची एक रक्कम ठरवावी, त्यातून दोन महागडे कार्यक्रम घ्यावेत आणि बाकी सगळं विनामूल्य किंवा स्वस्त. नागपुरात ते शक्य आहे.

विनामूल्य कार्यक्रमांचे पास असतात. पास म्हणजे खुर्ची नव्हे, एवढं समजून घ्या. पुढच्या रांगा निमंत्रितांच्या, मागे जो आधी येईल त्याची. चौघांपैकी एकानं तासभर आधी जाऊन जागा धरायची ही जुनी नागपुरी पद्धत अजून चालते. कोणाला राग येतो, कोणाला येत नाही.

खरंच मोठा परदेशी किंवा बॉलिवूडचा दौरा नागपुरात आलाच नाही तर मुंबई-पुण्याला जावं लागतं. मुंबईला विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोनं रात्रीचा प्रवास होतो. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, कॉन्सर्टची तिकिटं त्याच्याही कितीतरी आधी विकली जातात. म्हणून तिकीट घेतलं त्याच दिवशी फोनमध्ये आरक्षणाची तारीख लावून ठेवा. मुलांना घेऊन असा दौरा करू नये, हे माझं स्पष्ट मत.

त्या दिवशी

जेवण आधी की नंतर, यावर घराघरात वाद असतात. माझ्या मते पाच-साडेपाचला पोटभर नाश्ता करावा: पोहे, पाटोडी, पुडाची वडी, काहीही. परतल्यावर दहीभात. शोनंतर सावजी खायला जायचं ठरवलं तर घर गाठायला साडेअकरा होतात आणि रविवारची सकाळ जाते. फक्त दोघंच असाल तर मात्र जा.

कपडे, पाण्याची बाटली (मैदानी कॉन्सर्टला आत नेऊ देत नाहीत, सभागृहात चालते), तिकिटाच्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट, कारण गर्दीत नेटवर्क जातं. मोठी बॅग आणि पॉवर बँक दारावर अडवतात. गाडीत पेट्रोल आदल्या दिवशी भरा. ओला-रॅपिडोवर परत यायचं असेल तर शेवटच्या गाण्याच्या आधी दोन मिनिटं उठून बाहेर या, नाहीतर सगळे एकदम बुक करतात आणि भाव चढतो. रात्रीचा ऑटो मीटरनं येईल अशी आशा धरू नका, भाव आधी ठरवा.

मुलांच्या कानांबद्दल थोडं. आपल्याकडे हे कोणी फार मनावर घेत नाही, पण घ्यायला हवं. कामाच्या ठिकाणांसाठी वापरला जाणारा एक हिशेब असा: ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी १०० डेसिबलची सरासरी मर्यादा सुचवली, आणि डीजेची सवय झालेल्या आपल्या मैदानांवर स्पीकरच्या भिंतीसमोर त्याहून जास्त सहज होतं. लहान मुलांसाठी कानावर घालायचे इअरमफ ऑनलाइन मिळतात, मोठ्यांना औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे पुरतात. स्पीकरच्या जवळ आणि समोर कधीच बसू नका. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर आवाज जास्त झाला होता असं समजा.

आत बसल्यावर एक-दोन गाणी फोनवर घेतलीत तर ठीक. स्टँडअपमध्ये तेही नाही, तिथे चित्रीकरणाला बंदी असते, कारण विनोद आधीच बाहेर गेला की त्याची किंमत संपते. घरच्या ग्रुपवर फोटो टाकायचा तो सुरू होण्याआधी टाका आणि फोन खिशात. मूल कंटाळलं, रडलं, तर दोघांपैकी कोण बाहेर जाणार हे आधीच ठरलेलं असावं: पहिल्या अर्ध्यात तो, मध्यंतरानंतर ती. हे ठरलेलं नसेल तर कुजबुजत भांडण होतं, आणि ते शेजाऱ्यांना गाण्यापेक्षा जास्त ऐकू येतं.

कार्यक्रम रद्द झाला तर

होतो कधीकधी. कलाकार आजारी पडतो, परवानगी मिळत नाही, अवकाळी पाऊस येतो. अ‍ॅपवरून काढलेल्या तिकिटाचे पैसे रद्द झाल्यावर बहुधा त्याच खात्यात येतात, फक्त पुढे ढकलला गेला तर परताव्यासाठी मुदत दिलेली असते. ईमेल वाचा, ती मुदत चुकली की पैसे अडकतात. खिडकीवरून घेतलेलं तिकीट फेकू नका, त्याशिवाय परतावा नाही.

पण संध्याकाळ तुम्ही मोकळी केलेली असते, मुलांची सोय झालेली असते, पोळ्या झालेल्या असतात. ती वेळ परत धुणं आणि ऑफिसच्या मेलला देऊ नका. शंकरनगरच्या साई सभागृहात हौशी गायकांच्या एखाद्या ग्रुपचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आहे का ते बघा. असे कार्यक्रम बहुधा विनामूल्य असतात, निवृत्त बँक अधिकारी मनापासून गातो, सूर कधी लागतो कधी नाही, आणि साडेनऊपर्यंत तुम्ही घरी असता.